वळसा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत पावतीपुस्तक घेऊन मंडळाची पोरं दारात उभी राहिली की गणपती जवळ आले असं समजायचं. तीन वर्षांपूर्वी ती ऐन फेब्रुवारीत आली. आमच्याच गल्लीतली एक मुलगी शंभर आणि दोनशे मीटर पळते. तिची राज्याबाहेरच्या स्पर्धेसाठी निवड झाली होती आणि रेल्वेचं भाडं, तिथला मुक्काम, नवे स्पाइक्स हा सगळा खर्च घरच्यांच्या आवाक्यातला नव्हता. मी पाचशे एक रुपये दिले. पावती फाडली जात असताना ती मागे उभी होती. तिच्याकडे बघून मी म्हणालो, "पदक आणायचं बरं का!"

तिनं मान हलवली.

ती पहिल्याच फेरीत बाहेर पडली. परत आल्यावर ती आमच्या दारावरून जाताना दिसेना. सरावाला जायची सरळ वाट आमच्या घरावरून जाते. ती मागच्या गल्लीतून वळसा घालून जायला लागली होती. हे आधी माझ्या बायकोच्या लक्षात आलं. "तुमच्या पाचशे रुपयांना भिते ती," असं ती म्हणाली आणि पोळ्या लाटत राहिली. मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

तेव्हापासून मेरी डिसूझा यांची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. वांद्र्याची ही मुलगी. 1951 साली दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले, तिथं तिनं दोनशे मीटरमध्ये कांस्य आणि चार बाय शंभर मीटर रिलेत रौप्य मिळवलं. पुढच्या वर्षी हेलसिंकी ऑलिंपिक होतं. निवड झाली, पण जायला पैसे नव्हते. तेव्हा ओळखीपाळखीचे, शेजारपाजारचे लोक पुढे आले आणि त्यांनी पैसे उभे केले. मेरी आणि बंगालची नीलिमा घोष या ऑलिंपिकच्या ट्रॅकवर उतरलेल्या पहिल्या भारतीय मुली. मेरी शंभर मीटर पळाली, दोनशे मीटर पळाली आणि दोन्हीकडे पहिल्या फेरीतच संपली.

मला राहून राहून त्या वर्गणी देणाऱ्यांचं कुतूहल वाटतं. मेरी परत आली तेव्हा त्यांनी तिला काय विचारलं असेल? की काहीच विचारलं नसेल?

त्याच हेलसिंकीला आपले खाशाबा जाधव गेले होते. ती हकीकत कोल्हापुरात कुणाला सांगावी लागत नाही. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं, आणि मग कुस्त्यांची मैदानं भरवून त्या पैशांतून सरांचं घर सोडवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला 1996 पर्यंत वाट बघावी लागली. आम्ही शाळेत ही गोष्ट ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता. आजही येतो.

पण आता मला त्या गोष्टीत एक जागा टोचते. घर गहाण ठेवलं तेव्हा खर्डेकर सरांच्या हातात पदक नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की चार वर्षांपूर्वी लंडनला हा पोरगा सहावा आला होता. सहाव्या आलेल्या पोरासाठी माणूस राहतं घर गहाण टाकतो, मोठेपण तिथंच आहे. आपण मात्र ते पदकाला चिकटवून टाकलं. खाशाबा हरून आले असते तर गहाणखत तेच राहिलं असतं, रक्कमही तीच. फक्त आपण सरांचं नाव घेतलं नसतं. मेरीला पैसे देणाऱ्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, त्याचं कारण दुसरं काही नाही.

ज्या शंभर मीटरमध्ये मेरी पहिल्या फेरीत हरली, ती शर्यत ऑस्ट्रेलियाच्या मार्जोरी जॅक्सननं 11.5 सेकंदांत जिंकली. ती लिथगो नावाच्या कोळशाच्या खाणींच्या गावातली. दिवस मावळल्यावर मोटारींच्या दिव्यांच्या उजेडात ती सराव करायची. गावानं पैसे जमवून तिच्यासाठी धावपट्टी तयार करून दिली होती. म्हणजे एकीच्या पायाखाली गावानं धावपट्टी घातली आणि दुसरीच्या हातात तिकीट ठेवलं. दोघी एकाच मैदानावर पळाल्या. एक जिंकली, एक हरली. देणाऱ्यांत कमीजास्त कसं ठरवायचं?

दोन वर्षांनी मनिलाच्या आशियाई खेळांत मेरीच्या रिले संघानं सुवर्ण जिंकलं. पुढे 2013 मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, तिला ध्यानचंद पुरस्कार मिळाला. पण "बघा, अखेर पैसे वसूल झाले" असं म्हणायला मी हे सांगत नाही. मनिला झालंच नसतं तरी वांद्र्याच्या लोकांनी दिलेला पैसा तेवढाच चोख राहिला असता. आपण जिला देणगी म्हणतो, तिच्यामागे एक अदृश्य चिठ्ठी जोडतो. माझ्या पाचशे एक रुपयांमागे ती होती, आणि मी ती एका सोळा वर्षांच्या पोरीला सगळ्यांसमोर वाचून दाखवली होती.

शेवटी मीच एका संध्याकाळी तिच्या घरी गेलो. दारात तिचे स्पाइक्स वाळत टाकले होते. डाव्या पायाच्या बुटाचे पुढचे दोन खिळे झिजून बोथट झाले होते, उजव्याचे जरा बरे होते. मला बघून ती आत गेली आणि एक लिफाफा घेऊन आली. त्यात वहीच्या कागदावर सगळा हिशेब लिहिलेला: तिकीट, रिक्षा, दोन दिवसांचं जेवण, बूट. खाली उरलेले 340 रुपये.

"मंडळाला द्यायचे होते," ती म्हणाली, "पण जायला लाज वाटत होती."

मी कागद घडी करून तिच्याच हातात ठेवला आणि महिन्यापूर्वी विचारायला हवं होतं ते विचारलं. पळताना कसं वाटलं?

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग उंबऱ्यावरच बसली, दोन्ही हात जमिनीला टेकवून ब्लॉकमधून कसं सुटतात ते दाखवायला लागली, आणि आमच्याकडच्या मुली बोलतात तसं म्हणाली, "काका, पहिले तीस मीटर मी सगळ्यांच्या पुढं होतो."