अडवणारी सीमा, जाब विचारणारी सीमा

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात मावळचा लोहगड आला. आनंदच आहे. पण तेव्हापासून एक तुलना फार ऐकू येते: लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची म्हणजे आपली हेड्रियनची भिंत, शत्रूला बाहेर ठेवणारी. मला ही तुलना मान्य आहे. तिचा लावला जाणारा अर्थ मात्र मुळीच मान्य नाही.

ब्रिटनच्या उत्तरेत इ.स. १२२ च्या सुमारास रोमनांनी समुद्रापासून समुद्रापर्यंत ११७ किलोमीटरची ही भिंत घालायला घेतली. ती सम्राटाची हौस होती किंवा रिकाम्या सैन्याला लावलेले काम होते, या मतांवर वेळ दवडायला नको. पण ‘रानटी टोळ्यांना अडवण्यासाठी भिंत’ हे मत सोडवत नाही, कारण तेच शाळेपासून डोक्यात बसते. अडवायचेच होते तर दर रोमन मैलाला एक चौकी आणि चौकीगणिक उत्तरेकडे उघडणारा दरवाजा कशाला? यावर म्हणतात, ते दरवाजे सैन्याला बाहेर पडून हल्ला करता यावा म्हणून. काही असतीलही. पण हाउसस्टेड्सच्या ठाण्याजवळ नंतर मुद्दाम भिंत फोडून एक वाट काढली आहे. तिला पुढे-मागे दोन दारे आणि बाजूला पहारेकऱ्यांच्या खोल्या आहेत. दोन दारांमध्ये थांबवायचे ते माणसाला आणि त्याच्या मालाला, फौजेला नव्हे. मग खंदक आणि टोकदार खुंट कशासाठी? येणाऱ्याने दारातूनच यावे, म्हणून. अडवणे हे तिथे साधन होते. हेतू होता जाब विचारण्याचा: कोण, कुठला, कशासाठी, कोणाच्या परवानगीने?

मावळात तर भिंतच नाही. मळवलीला उतरून वर पाहावे. लोहगड आणि विसापूर यांच्यामधली गायमुख खिंड उघडी आहे, खाली इंद्रायणीचे खोरे उघडे आहे. कोकणातून वर येणारी वाट कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवर यवनांनी आपल्या दानांचे लेख कोरले तेव्हाही वाहती होती, आणि गडांनी ती कधी बंद केली नाही.

१६६१ चे उदाहरण घ्या. मोगल सरदार कारतलबखान पुण्याहून चिंचवड, तळेगावमार्गे लोणावळ्याकडे गेला आणि कुरवंडे घाटाने कोकणात उतरू लागला. गड अडवण्यासाठीच असते तर हा शिवाजी महाराजांचा पराभवच म्हणायला हवा. प्रत्यक्षात खानाला उतरू दिले, उंबरखिंडीत दोन्ही तोंडे धरली, आणि खंडणी घेऊन जिवंत परत जाऊ दिले. वाट कोणाच्या हुकमाने चालते, एवढेच त्याला विचारले गेले! १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगल सेनापती जयसिंगाने लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना मागून घेतले, तेही याच अधिकारासाठी असावे.

‘मग १८१८ च्या मार्चमध्ये विसापूर इंग्रजांपुढे एका दिवसात कसा पडला?’ हा प्रश्न हमखास येतो. कारण पुणे नोव्हेंबर १८१७ मध्येच गेले होते. ज्याच्या नावाने विचारायचे तो धनी, पेशवा, पुण्यात उरला नव्हता; नुसत्या तटाने कोणाला काय विचारावे? रोमन भिंतीचेही तेच झाले. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पगार येणे थांबले, आणि भिंत उभी असून चौकी संपली.

म्हणून वारसा यादीत मावळच्या या गडांपैकी एकटा लोहगड आहे, हे मला खुपते. हेड्रियनची भिंत १९८७ मध्ये यादीत गेली. २००५ मध्ये जर्मनीतली रोमन सीमा आणि २००८ मध्ये स्कॉटलंडमधली अँटोनाइन भिंत त्याच नोंदीला जोडली गेली. तसेच इथे व्हावे: विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची, आणि त्यांच्याबरोबर बोरघाट, कुरवंडे घाट आणि उंबरखिंड. गड घेऊन वाटा वगळल्या, तर हे गड तिथे का बांधले हेच पाहणाऱ्याला कळणार नाही.