चालतंय ना, मग राहू दे!

ब्रिटनमध्ये ऑक्टोबरची थंडी पडली, की घराघरांतले बॉयलर घर तापवण्याच्या कामाला लागतात. स्वयंपाकघरातल्या कपाटात नाहीतर जिन्याखालच्या अडगळीत बसवलेलं हे गॅसवरचं यंत्र पाणी तापवतं, ते पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरतं आणि घर उबदार राहतं. तिथली बहुतेक घरं अशीच तापतात. यंत्राचं आयुष्य साधारण १० ते १५ वर्षांचं; पण विशी ओलांडलेले बॉयलरही खडखडत, गुरगुरत चालू असलेले सापडतात. दाबाचा काटा १ ते दीड बारच्या मध्ये असायला हवा, तो सारखा शून्याकडे घसरतो. घरातलं कुणीतरी वाकून खालची तोटी पिळतं, काटा वर चढतो, कपाटाचं दार बंद होतं. पाणी नेमकं गळतंय कुठे, हे बघायचं राहूनच जातं. बॉयलरसोबत आलेल्या पुस्तिकेत दरवर्षीच्या सर्व्हिसिंगच्या नोंदींसाठी रकाने छापलेले असतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षानंतरचे सगळे कोरे.

'चालतंय ना, मग राहू दे' हे वाक्य आपल्याही तोंडी सहज येतं. त्यात शहाणपण आहे, ते नाकारायचं कारण नाही. चालती वस्तू टाकू नये, डागडुजी करून वापरावी, हा संस्कार चांगलाच. पण त्यातली डागडुजी आपण सोयीने गाळतो आणि वापर तेवढा ठेवतो. निगा राखून एखादी वस्तू वीस वर्षं वापरणारा माणूस काटकसरी असतो. निगा न राखता ती वीस वर्षं रेटणारा माणूस नशिबावर हवाला ठेवून असतो, आणि पुष्कळदा ते नशीब दुसऱ्याचं असतं.

गॅस नीट जळायला पुरेशी हवा लागते. बर्नर स्वच्छ असेल, धूर बाहेर नेणारा पाइप मोकळा असेल, तर ज्योत निळी आणि ताठ राहते. काजळी धरली, पाइप तुंबला किंवा निसटला, की ज्योत पिवळी पडते, डुलू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. माणसाला वाटतं, थंडी-ताप आला. तो गोळी घेतो, खिडक्या लावतो आणि पांघरुणात शिरतो.

२००६च्या ऑक्टोबरमध्ये ग्रीसमधल्या कॉर्फू बेटावर सहलीला गेलेल्या ब्रिटिश कुटुंबातली ७ आणि ६ वर्षांची भावंडं याच वायूने दगावली. बॉयलर त्यांच्या खोलीत नव्हताच. तो लगतच्या बांधकामात होता आणि वायू भिंतीतल्या भोकांतून आत आला. २०१०मध्ये ग्रीक न्यायालयाने तिघांना दोषी ठरवलं. २०१५मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या मृत्यू-चौकशीत ज्यूरीने या मृत्यूंना बेकायदा हत्या म्हटलं. मुलांचं वाईट व्हावं, असं कुणाच्याही मनात नव्हतं. दुर्लक्षाला वाईट हेतू लागत नाही.

दुर्लक्षाची किंमत दुर्लक्ष करणाराच मोजत असता, तर प्रश्न सोपा होता. भाड्याच्या घरात बॉयलर मालकाचा आणि गॅसचं बिल बहुधा भाडेकरूचं. अगदी जुन्या बॉयलरमध्ये ३० टक्के किंवा त्याहूनही अधिक उष्णता धुराबरोबर वाया जाते. नव्या कंडेन्सिंग बॉयलरमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास कामी येते. म्हणजे नव्या यंत्रासाठी पैसे काढायचे एकाने आणि बिल उतरायचं दुसऱ्याचं. अशा वेळी मालकाला 'राहू दे' म्हणणं फार स्वस्त पडतं. कायद्याने निदान सुरक्षेची बाब त्याच्या मर्जीवर सोडलेली नाही. ब्रिटनमधल्या १९९८च्या नियमांनुसार घरमालकाने गॅसवरच्या उपकरणांची दरवर्षी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासणी करून घ्यायची आणि तिच्या नोंदीची प्रत २८ दिवसांत भाडेकरूच्या हाती द्यायची. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२पासून भाड्याच्या घरात बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही सक्तीचा झाला.

स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्यावर मात्र वार्षिक तपासणीची सक्ती नाही. स्वतःच्या लेकराबाळांसाठी माणसाला काय सांगायचं, असं कायद्याने गृहीत धरलेलं दिसतं. आणि नेमकी तिथेच ढिलाई होते. परक्याचं देणं आपण पावती घेऊन चुकतं करतो. घरच्यांचं देणं 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणत लांबवतो. दिवसभर त्या घरात असणारी म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं तर तक्रार करायच्याही स्थितीत नसतात.

अखेर बॉयलर बदलायचा ठरतो. बहुधा ऐन जानेवारीत, तो बंद पडल्यावर. इथेही मोह असतो, की जुना काढा, नवा लावा आणि मोकळे व्हा. जाणता कारागीर ऐकत नाही. तो रेडिएटरची जोडणी सैल करतो, खाली पसरट भांडं धरतो, आणि बाहेर येतं ते पाणी शाईसारखं काळं असतं. आतलं लोखंड वर्षानुवर्षं गंजून झालेला हा गाळ. तो तसाच राहिला तर नव्या बॉयलरच्या बारीक वाहिन्यांत जाऊन बसतो आणि कोरं यंत्र थोड्याच वर्षांत रडू लागतं. म्हणून आधी नळ्या धुवायच्या, नव्या पाण्यात गंजरोधक घालायचं, लोखंडाचे कण पकडणारा चुंबकी फिल्टर बसवायचा. एवढं करूनही नव्या पुस्तिकेतले रकाने पुन्हा कोरेच राहणार असतील, तर पैसे तेवढे खर्च झाले, जबाबदारी तिथल्या तिथेच राहिली.

याचा अर्थ जुनं दिसलं की उचलून फेका, असाही नाही. नवा बॉयलर विकणाऱ्याच्या तोंडी जुना नेहमीच धोकादायक असतो. सुटे भाग मिळत असतील, गळती नसेल, ज्योत आणि धूर तपासणीत ठीक निघत असतील, तर १५ वर्षांचा बॉयलर ठेवण्यात गैर काही नाही. शिवाय नवा गॅस बॉयलर घेणं म्हणजे पुढची १०-१५ वर्षं गॅस जाळायचं ठरवणं. त्याऐवजी विजेवर चालणारा हीट पंप बसवणाऱ्यांसाठी इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२३च्या ऑक्टोबरमध्ये सरकारी अनुदान वाढवून ७,५०० पौंड केलं गेलं, ते याच कारणासाठी. ठेवा किंवा बदला, दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. न तपासता दिलेलं कुठलंच उत्तर बरोबर नसतं.

आपल्याकडे घर तापवावं लागत नाही, पण न्हाणीघरातला गॅस गीझर आहेच. हातभर जागा, वारा येतो म्हणून खिडकीला ठोकलेला पुठ्ठा, दार बंद. अंघोळीला गेलेलं माणूस बाहेर आलंच नाही, अशा बातम्या हिवाळ्यात आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. भाड्याच्या घरातला गीझर मालकाने कधीतरी बसवलेला असतो, दोन-तीन भाडेकरूंनी वापरलेला असतो आणि तपासलेला कुणीच नसतो.

घर भाड्याने दिलं असेल तर तो गीझर तपासून घ्या, आणि त्याचा खर्च भाडेकरूच्या माथी मारू नका. जुना झाला असेल तर बदला आणि नवा न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवा. भाड्याने राहत असाल तर मालकाला विचारायला संकोचू नका. ब्रिटनला शिकायला गेलेल्या मुलांनाही सांगा, की खोली घेताना गॅसच्या तपासणीचा कागद मागा. तो त्यांचा हक्क आहे. घर स्वतःचं असेल तर विचारणारं कुणी येणार नाही. तेव्हा स्वतःलाच विचारा, शेवटची तपासणी कधी झाली? तारीख आठवत नसेल, तर आजच माणूस बोलवा.