न सांगितलेला भाव

बबलगमच्या वेष्टनात फुकट मिळालेले क्रिकेटपटूचे चित्र पस्तीस-चाळीस वर्षांनंतर माणसे नोटा मोजून विकत घेतात, असे झरी-जामणी तालुक्यातील एखाद्या आठवडी बाजारात उभे राहून कोणी सांगू लागले, तर ऐकणारा हसून पुढे निघून जाईल. तेथे भाव असतो तो मिरचीला, तुरीला, कापसाला आणि बैलाला. वस्तू कामाला येते म्हणून तिला किंमत, असा तेथील सरळ हिशेब आहे. जुन्या क्रिकेट कार्डांचा बाजार या हिशेबात बसत नाही. तरीही या बाजारात उद्भवणारा एक नैतिक प्रश्न आपल्या आठवडी बाजारालाही सोडत नाही. एखाद्या वस्तूचे खरे मोल दोघांपैकी एकालाच ठाऊक असेल, तर त्याने ते दुसऱ्याला सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे काय?

या कार्डांचे कूळ मोठे गमतीचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील व इंग्लंडमधील सिगारेट कंपन्या पाकीट दबू नये म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालीत. पुढे त्या तुकड्यावर चित्रे आली. इंग्लंडमध्ये ती क्रिकेटपटूंची असत, अमेरिकेत बेसबॉलपटूंची. आपल्याकडे १९८०च्या दशकात ‘बिग फन’ या बबलगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रे मिळू लागली आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत त्यांची अदलाबदल सुरू झाली. आयांनी ती घर झाडताना फेकून दिली, आणि फेकली गेली म्हणूनच उरलेल्या थोड्यांना मोल आले. म्हणजे येथे वस्तूच्या किमतीला तिच्या दुर्मिळतेवाचून व दुसऱ्याच्या हौसेवाचून काही आधार नाही. दुर्मिळता किती आणि हौस कोणाला, हे ज्याला ठाऊक तो जिंकतो. बाकी सारे त्याचे गिऱ्हाईक.

माझे एक स्नेही रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून या नादाला लागले आहेत. नागपूरला शनिवार-रविवार संग्राहकांचा मेळावा होता. तेथे त्यांनी एक टेबल भाड्याने घेतले होते व सोबतीला मला नेले. नाणी, टपाल तिकिटे, काडेपेट्यांवरील छाप, जुने स्टँप पेपर यांच्या गर्दीत क्रिकेट कार्डांचे हे एकच टेबल होते. पांढऱ्या चादरीवर पारदर्शक पाकिटांत मांडलेले गावसकर, कपिल, विश्वनाथ. कडेला भिंग आणि एक वही. शनिवारी विक्री जवळजवळ नव्हतीच. येणारे सारे जाणते होते. ते कार्ड उचलून कोपरे पाहत, मागची बाजू पाहत, काही न बोलता खाली ठेवीत आणि फेरी मारून पुन्हा येत. त्यांच्यातील एकाने पलीकडच्या टेबलावरून एक लिफाफा स्वस्तात उचलला आणि आमच्याकडे येऊन त्याचे रहस्य मोठ्या अभिमानाने सांगितले. मला त्यात काही वावगे वाटले नाही. ज्याने विकला तोही वीस वर्षांचा मुरलेला व्यापारी होता.

रविवारी दुपारी एक बाई बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. वडील गेले, खोली रिकामी करावयाची आहे, हे कोणी घेते असे समजले म्हणून आणले, असे त्या म्हणाल्या. डब्यात वरती तीच बबलगमची चित्रे होती, बरीचशी दुमडलेली. तळाशी मात्र वहीच्या एका पानावर सी. के. नायडू यांची शाईतील स्वाक्षरी होती. नायडू नागपूरचे. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताने आपला पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हाचे ते कर्णधार. बाईंना क्रिकेटचे काही ठाऊक नव्हते. “सगळ्याचे दोनशे द्या,” त्या म्हणाल्या.

स्नेह्यांनी भिंग घेतले, पान उजेडाकडे धरले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. दोन दिवसांत टेबलाचे भाडेदेखील सुटले नव्हते, हे मला ठाऊक होते. अखेर त्यांनी ते पान वेगळे काढून बाईंच्या हातात ठेवले आणि म्हणाले, “ताई, हे राहू द्या. याचे एकट्याचेच याच्या कितीतरी पट येतील. आणखी दोघांना दाखवा, मग ठरवा. बाकीच्या चित्रांचे मी दोनशे देतो.” बाई पान पर्समध्ये ठेवून गेल्या.

शेजारच्या टेबलावरील तरुण व्यापारी हे सारे पाहत होता. “काय जी भाऊ,” तो म्हणाला, “असं केलं तर धंदा होते का?”

त्याचा राग निव्वळ लोभातून आला होता असे म्हणून त्याला बाजूला सारणे अन्यायाचे होईल. त्याचे म्हणणे मी नंतर चहा घेताना नीट ऐकून घेतले. ही स्वाक्षरी खरी की खोटी हे ओळखावयास त्याला पंधरा वर्षे लागली, त्यात त्याने पैसे बुडवले, आणि ते ज्ञान फुकट वाटावयाचे तर तो खाणार काय? शिवाय भाव बाईंनी स्वतः सांगितला होता, कोणी त्यांना दोनशे म्हणावयास लावले नव्हते. आणि तिसरे, जे मला सर्वांत वजनदार वाटले: व्यापारी नसता तर तो डबा रद्दीत गेला असता. जुन्या कागदांतून शोधून काढण्यात लाभ आहे म्हणूनच कोणीतरी शोधतो, आणि म्हणून नायडूंची स्वाक्षरी वाचते.

कायदाही बव्हंशी त्याच्याच बाजूचा आहे. १८७२च्या भारतीय करार कायद्याचे सतरावे कलम म्हणते की नुसते मौन म्हणजे कपट नव्हे. दोन व्यापाऱ्यांपैकी एकाला भावातील बदलाची खासगी बातमी असली तरी ती दुसऱ्याला सांगण्यास तो बांधलेला नाही, असे उदाहरणच तेथे दिले आहे. पण त्याच कलमाखाली आणखी एक उदाहरण आहे, ते मला फार बोलके वाटते. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे तो सांगत नाही. ते कपट ठरत नाही. मात्र घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल तर सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. कोरड्या कायद्यालाही येथे नाते आठवले. समोरचा कोण आहे यावर मौनाचा अर्थ बदलतो, एवढे त्याने मान्य केले आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हा प्रश्न अधिक कसून तपासला. ‘सुम्मा थिओलॉजिया’तील सत्त्याहत्तरावा प्रश्न (दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धातील) खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर आहे. तेथे ते विक्रेत्यापाशी थांबत नाहीत, घेणाऱ्यालाही धरतात. विकणारा आपले सोने पितळ समजून विकत असेल आणि घेणाऱ्याला ते सोने असल्याचे कळले असेल, तर ती खरेदी अन्यायाची आहे व घेणारा भरपाईला बांधलेला आहे, असा त्यांचा स्पष्ट निर्णय आहे. मात्र धान्य घेऊन महागाईच्या गावी पोहोचलेल्या व्यापाऱ्याने, मागून आणखी धान्य येत आहे हे सांगितलेच पाहिजे असे ते म्हणत नाहीत. सांगितले तर ते अधिक सद्गुणाचे होईल, एवढेच. उद्या काय होईल याची बातमी वेगळी आणि हातातील वस्तू काय आहे हे ज्ञान वेगळे. बाईंच्या डब्यातील पान हे दुसऱ्या प्रकारात मोडते. आपण शाईचा डाग असलेला कागद विकत आहोत असे त्यांना वाटत होते. वस्तू कोणती हेच त्यांना ठाऊक नव्हते.

संत ऑगस्टीन यांनी तर ‘त्रैक्याविषयी’ या ग्रंथाच्या तेराव्या खंडात जवळजवळ आपलाच प्रसंग लिहून ठेवला आहे. स्वस्तात घ्यावे व महाग विकावे असे सर्वांनाच वाटते, या एका नटाच्या विनोदावर टाळ्या पडल्या. ऑगस्टीन म्हणतात, तसे नाही. त्यांना एक मनुष्य माहीत होता. त्याच्याकडे कोणी एक हस्तलिखित विकावयास आणले, मोल न कळल्यामुळे अगदी थोडे मागितले, आणि या मनुष्याने त्याला अपेक्षा नसताना योग्य ती मोठी किंमत दिली. पोथीच्या जागी वहीचे पान ठेवले की झाले.

येथे वाचकांपैकी कोणाला मत्तयच्या तेराव्या अध्यायातील शेताचा दाखला आठवल्यावाचून राहणार नाही. शेतात पुरलेले धन एकाला सापडते. तो ते पुन्हा लपवतो, आनंदाने जाऊन आपले सर्वस्व विकतो आणि ते शेत विकत घेतो. शेताच्या मालकाला त्याने सांगितले काय? नाही. मग प्रभूनेच हे मौन वाखाणले असे आपला तरुण व्यापारी म्हणू शकेल. मला हा युक्तिवाद टिकणारा वाटत नाही. दाखल्याचा रोख त्या माणसाच्या व्यवहारावर नाही, तो त्याने काय काय सोडले यावर आहे. अन्यायी कारभाऱ्याचा दाखलाही असाच आहे. कारभाऱ्याचे हिशेब कोणी आदर्श म्हणून घेत नाही. आणि दाखल्याला अक्षरशः धरावयाचेच तर, ज्याने शेतासाठी सर्वस्व विकले त्याच्या पंक्तीला दोनशे रुपये देऊन डबा उचलणारा कसा बसणार?

पण उलट बाजूही आहे, आणि ती सोयीची नाही. १९९० साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात बारा-तेरा वर्षांच्या एका मुलाने कार्डांच्या दुकानातून बेसबॉलपटू नोलन रायन याचे १९६८ सालचे कार्ड बारा डॉलरला घेतले. त्यावर बाराशे असे लिहिले होते. नवख्या विक्रेतीने ते बारा वाचले. दुकानदार न्यायालयात गेला. तेथे मुलाने सांगितले की कार्ड त्याने केव्हाच दुसऱ्याशी बदलून टाकले आहे. अखेर समेट झाला, १९९१ साली कार्डाचा लिलाव झाला आणि आलेले सुमारे पाच हजार डॉलर धर्मादायाला गेले. अक्वायनस यांचा नियम काटेकोरपणे लावला तर मुलगा दोषी ठरतो, कारण तो जाणता होता. माझे मन मात्र तेथे पूर्ण वळत नाही. दुकान थाटणारा माणूस ज्ञानाच्या या खेळात आपल्या मर्जीने उतरलेला असतो. आपल्या माणसाला वाचता येत नसेल तर तो भार त्याचा. बाई खेळात उतरल्याच नव्हत्या. त्या वडिलांची खोली रिकामी करीत होत्या. शनिवारी लिफाफा स्वस्तात गेला त्यात मला वावगे का वाटले नाही, याचे कारणही हेच. खेळाडूंचे नियम मैदानाबाहेरून चालत आलेल्या माणसाला लावता येत नाहीत.

खेळाडूंमध्येदेखील एक मर्यादा आहेच. होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे एक सिगारेट-कार्ड १९९१ साली ४,५१,००० डॉलरला विकले गेले. कोपरे धारदार, कडा सरळ, म्हणून ती किंमत. ते पूर्वी ज्याच्या हातून विकले गेले होते त्या बिल मॅस्ट्रो या व्यापाऱ्याने २०१३ साली न्यायालयात कबूल केले की त्या कडा त्याने स्वतः कापून सरळ केल्या होत्या. ते मौन नव्हते. ती कात्री होती.

संध्याकाळी टेबल आवरताना मी स्नेह्यांना विचारले, तुम्ही का सांगितले? ऑगस्टीन वगैरे त्यांच्या मनात नव्हते. “अरे, उद्या तिले दुसऱ्या कोनी सांगितलं असतं, तर माह्यं नाव तिनं काय ठेवलं असतं?” ते म्हणाले. काहींना हे उत्तर हलके वाटेल. मला ते पुरेसे वाटले, कारण त्यात त्या बाई उद्याही शिल्लक होत्या. पैसे दिले की व्यवहारातून पुसल्या जाणाऱ्या नव्हत्या.

आपल्या वऱ्हाडाला हा प्रश्न नवा नाही. बाजारात दोन व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत आणि ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता रुमाल हलताना पाही, ही पद्धत देशात पुष्कळ ठिकाणी चालत असे. भाव आणि वजन उघड्यावर यावेत म्हणूनच कापसाच्या बाजारांना नियम लागू झाले. देशातील पहिला नियंत्रित बाजार १८८६ साली कारंज्याला सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. १९७२ पासून तीसेक वर्षे राज्यात कापसाची एकाधिकार खरेदीही चालली. तिचे जे व्हायचे ते झाले, तो विषय वेगळा.

कापसाचा भाव आज वर्तमानपत्रात छापून येतो. चारोळीचा येत नाही. २०१३-१४ पासून केंद्र सरकारने काही गौण वनोपजांना आधारभूत किंमत लावली, तिच्या यादीत चारोळी आहे. पण झरी-जामणीच्या पाड्यांवरून डोक्यावर गाठोडे घेऊन येणाऱ्या कोलाम बाईला ती यादी कोण वाचून दाखवणार? शहरातील मिठाईवाला चारोळीला काय मोजतो हे काट्यामागे बसलेल्या माणसाला ठाऊक असते. विचारले तर तोही तीच तीन कारणे देईल: ज्ञान माझे, भाव तिचा, आणि मी नसतो तर हे रानातच सडले असते. नागपूरच्या बाईंना निदान पुढच्या टेबलावर जाऊन विचारता येत होते. येथे काट्यापुढे बसलेली बाई मधूनमधून रस्त्याकडे पाहते, कारण परतीची गाडी एकच आहे आणि ती निघण्यापूर्वी मीठ-तेल घ्यावयाचे आहे.