चूक केवढी मोजायची?

बँकेचं ॲप उघडून तुम्ही पासवर्ड टाकता, तेव्हा तो वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून सांकेतिक रूपात पाठवला जातो. हे काम करणारा प्रोग्राम बहुतेक वेळा बँकेने स्वतः लिहिलेला नसतो. तो तयार मिळतो आणि फुकट मिळतो. अशाच एका तयार लायब्ररीचं नाव ओपनएसएसएल. मी प्रोग्रामिंग करतो. आमच्या धंद्यात असा माल उचलणं म्हणजे किराणा दुकानातून मीठ आणण्याइतकं रोजचं. मिठाचे निदान पैसे तरी देतो आपण.

७ एप्रिल २०१४ रोजी या लायब्ररीत एक भगदाड असल्याचं जाहीर झालं. त्याला नाव पडलं हार्टब्लीड. प्रकार असा: दोन संगणकांची जोडणी चालू असताना एक दुसऱ्याला अधूनमधून ‘आहेस ना?’ असं विचारतो. विचारताना एखादा शब्द पाठवतो, त्याची लांबी सांगतो आणि समोरच्याने तोच शब्द परत पाठवायचा. ओपनएसएसएल सांगितलेली लांबी खरी धरून चालत होतं. चार अक्षरं पाठवून ‘ही चौसष्ट हजार आहेत’ अशी थाप मारली, की त्या चार अक्षरांच्या शेजारी मेमरीत जे काही पडलेलं असेल तेही परत यायचं. कुणाचा पासवर्ड, कुणाचं पत्र, खुद्द सर्व्हरची गुप्त किल्ली. चोरीची खूण सहसा मागे राहत नसे. गूगलचे नील मेहता आणि फिनलंडच्या कोडनॉमिकॉन कंपनीचे संशोधक यांना ही गोष्ट स्वतंत्रपणे सापडली, तोवर दोन वर्षं उलटून गेली होती. सुमारे ५ लाख संकेतस्थळं उघडी होती, अँड्रॉइड ४.१.१ असलेले फोनही. कॅनडाच्या महसूल खात्यातून सुमारे ९०० लोकांचे ओळखक्रमांक गेले.

मग ‘हे केलं कुणी?’ हा शोध सुरू झाला. रॉबिन सेगेलमन, जर्मनीत तेव्हा पीएचडी करत होते. कोड ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री दाखल झालेला. एवढ्यावरून लोकांनी काय काय तर्क लढवले. मुद्दाम ठेवलं असणार, इथपर्यंत. सेगेलमन म्हणाले, लांबी तपासायची राहून गेली, आणि कोड तपासणाऱ्याच्याही नजरेतून ते सुटलं. मला हे पटतं.

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी नैतिक नशिबाचा प्रश्न मांडला. दोन ड्रायव्हर सारखेच बेफिकीर. एकाच्या गाडीपुढे मूल येतं, दुसऱ्याच्या येत नाही. पहिल्याला आपण जन्मभर माफ करत नाही. दुसऱ्याचं नावही आपल्याला कळत नाही. लांबी न तपासण्याची चूक रोज कितीतरी जण करतात आणि ती कॉलेजच्या प्रोजेक्टसोबत विसरली जाते. सेगेलमन यांची चूक आकाराने तेवढीच होती. तिला ५ लाखांनी गुणलं ते ज्यांनी ज्यांनी ती लायब्ररी आपापल्या दारावर बसवली, त्यांनी.

इथे मी थोडा अडतो. कारण फुकट दिलेली वस्तू स्टूल नव्हती, कुलूप होतं. स्टूल मोडलं तर पडणाऱ्याला लगेच कळतं. कुलूप नुसतं दिसलं तरी माणूस निर्धास्त झोपतो. ‘आहे तसं घ्या, हमी नाही’ असं परवान्यात लिहिलं म्हणून देणारा कायद्याने सुटेल. नीतीनेही सुटतो का? माझ्या मते पूर्ण सुटत नाही. कुणी दोष दाखवला तर तो मान्य करणं आणि लगेच दुरुस्ती देणं, एवढं त्याच्याकडे लागतं. ते ओपनएसएसएलच्या लोकांनी केलं. दुरुस्त आवृत्ती त्याच दिवशी आली. याहून जास्त मागायचं तर आधी पैसे मोजले पाहिजेत.

पैसे किती मोजले जात होते? वर्षाला सुमारे २,००० डॉलर देणगी. पूर्णवेळ काम करणारा माणूस एक. आणि त्यावर अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्या, आयत्या बिळावर नागोबा. म्हणीतला नागोबा निदान बीळ गळतं म्हणून ओरडत नाही.

‘कोड तर खुला होता, कुणीही वाचू शकत होतं,’ हा बचाव मला सगळ्यात पोकळ वाटतो. गावच्या विहिरीचं पाणी सगळे भरतात आणि गाळ दुसऱ्या कुणीतरी काढला असेल असं प्रत्येकाला वाटतं, तसं हे. एका लहानशा ॲपमागे शेकडो लायब्रऱ्या असतात; त्यांची ओळ न् ओळ मी वाचू शकत नाही, आणि त्याबद्दल मला दोषी धरू नये. पण ज्याच्या तिजोरीचं दार त्या एका कुलपावर आहे, त्याला वाचणारा माणूस पगारावर ठेवता येत होता.

बातमी फुटल्यावर आठवडाभरात सुमारे ९,००० डॉलर जमले, बरेचसे पाच-दहा डॉलरच्या देणग्यांतून. मोठ्या कंपन्या त्यानंतर आल्या. लिनक्स फाउंडेशनच्या योजनेत प्रत्येकीने तीन वर्षं, वर्षाला १ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. म्हणजे त्यांच्याकडच्या साधारण एका इंजिनिअरचा पगार.