गोल मंदिरात पुढची जागा कोणती?

वर्तुळास आरंभ नाही व शेवटही नाही. तेव्हा उपासनामंदिर गोल बांधले की उच्चनीचभाव आपोआप नाहीसा होईल, असे कोणासही वाटेल. हे कितपत खरे आहे?

यरुशलेमेत प्रभूची कबर मानलेल्या स्थळावर चौथ्या शतकात गोल इमारत उभारण्यात आली. इ. स. १०९९ मध्ये क्रूसयोद्ध्यांनी ते नगर घेतल्यावर तिच्या नमुन्यावर यूरोपात अनेक मंदिरे झाली. लंडन येथील टेंपलर नामक योद्धा-संन्याशांचे मंदिर ११८५ साली यरुशलेमचा धर्माध्यक्ष हेराक्लियस याने समर्पिले. परंतु त्याच गोल दालनाच्या फरशीवर बड्या सरदारांचे पाषाणपुतळे निजलेले आहेत. पुढे १२४० साली पूर्वेकडील लांबट दालन समर्पिले गेले, आणि वर्तुळालाही पुढची व मागची बाजू आली!

डेन्मार्कच्या बॉर्नहोल्म बेटावर अशी चार मंदिरे आजही उभी आहेत. त्यांच्या जाड भिंती व वरचे मजले पाहून, शत्रू येताच गावकरी तेथे आश्रय घेत असावेत, असे पुष्कळ विद्वानांचे मत आहे. भयाने एकत्र आलेली माणसे भय सरल्यावरही एकत्र राहतात काय?

मग आकार व्यर्थ आहे काय? नाही. भिंत धडा देते. तो गिरविणे आपल्याकडे आहे. बंधुजनहो, आपले मंदिर चौकोनी व कौलारू असेल. तरी दाराशी संकोचाने बसलेल्यास हात धरून आपल्याशेजारी बसविले, तर त्या दिवशी ते गोल झाले. याकोबाच्या पत्रातील ताकीद हीच नव्हे काय?