आजचं चिंतन : गोळीत कोणाकोणाचा वाटा?

(गीता, अध्याय ३, श्लोक १२-१३)



काल रात्री मेडिकलमध्ये उभा होतो. पुढच्या काकांनी प्रिस्क्रिप्शन दिलं, एकूण किती होतील ते विचारलं आणि हळूच म्हणाले, "सध्या पाचच दिवसांची द्या." औषध महिन्याचं होतं. माझ्या हातात व्हिटॅमिनच्या गोळ्यांची महागडी बाटली, तीही फारशी गरज नसताना घेतलेली. मी मोबाईलमध्ये डोकं घातलं. घरी येऊन आजचे श्लोक उघडले, तर डोळ्यांसमोर तेच काका.

भगवंत इथे गुळगुळीत बोलत नाहीत. मिळालेल्यातला वाटा परत न देता जो एकटाच भोगतो, तो चोर. जो फक्त स्वतःपुरतं रांधतो, तो पाप खातो. हे वाचताना आपल्याला अन्न आठवतं, नैवेद्य आठवतो. पण औषधाचं काय?

प्रश्न सोपा नाही हं. नवं औषध शोधायला वर्षानुवर्षं जातात, पैसा ओतावा लागतो, कित्येक प्रयोग फसतात. मग शोधणाऱ्याला मोबदला नको? हवाच! यज्ञात सगळ्यांचा भाग असतो, राबणाऱ्याचाही. पण त्या एका गोळीमागे आधीच्या शास्त्रज्ञांचं ज्ञान असतं, अनेकदा सरकारी पैशातून झालेलं संशोधन असतं आणि स्वतःवर चाचणी करू देणारे रुग्णही असतात. मग ती पूर्णपणे एकट्याची कशी?

याचं एक उत्तर आपल्या मुंबईतच मिळालं होतं. यकृत आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरवरचं सोराफेनिब हे बायर कंपनीचं औषध. तेव्हा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता! मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला तेच औषध बनवायची सक्तीची परवानगी दिली. भारतातली अशी ही पहिलीच परवानगी. महिन्याची किंमत ८,८८० रुपयांच्या वर न्यायची नाही, वर्षाला किमान ६०० गरजू रुग्णांना ते मोफत द्यायचं आणि बायरला विक्रीवर ६ टक्के रॉयल्टीही द्यायची.

बघा ना, शोधणाऱ्याचा वाटा राहिला आणि रुग्णाचाही. ६ टक्के योग्य की कमी, यावर भांडता येईल. पण रुग्णाचा वाटा शून्य असू शकत नाही, हे त्या निर्णयाने मान्य केलं. मला तरी त्यात आजचा श्लोक दिसतो.

आता कंपन्यांना चोर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण काल रांगेत मी काय केलं? श्लोक आधी मला लागू होतो.

म्हणून आजचा छोटासा संकल्प. घरातल्या मोठ्यांची औषधं स्वस्त जेनेरिकमध्ये मिळतील का, हे डॉक्टरांना विचारूया (मनाने बदल नको!). जवळचं जनऔषधी केंद्र कुठे आहे ते शोधून ठेवूया, म्हणजे कुणाला तरी सांगता येईल. आणि महिन्यातून एकदा, स्वतःच्या एखाद्या हौसेचे पैसे कुणाच्या तरी औषधाला. गाजावाजा न करता. समोरच्याची मान खाली न घालवता.

नैवेद्य दाखवल्याशिवाय आपण जेवत नाही. पुढच्या वेळी रांगेत तो "पाचच दिवसांची द्या" म्हणणारा आवाज आला, तर देव कुठे उभा आहे ते ओळखता यायला हवं.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥