नुसतं 'हो' नाही

शेजारच्या काकूंनी "जेवलात का?" विचारलं की आपण सहज "जेवलो" म्हणतो. 'हो' म्हटलं तरी चालेल, पण तोंडात येतं ते "जेवलो". आयर्लंडच्या माणसाचंही असंच आहे, आणि तेही इंग्रजी बोलताना. "डिड यू लॉक द डोअर?" "आय डिड." नुसत्या 'येस'वर त्याचं भागत नाही. त्याच्या पूर्वजांच्या आयरिश भाषेत 'हो' आणि 'नाही' यांना स्वतंत्र शब्दच नाहीत. प्रश्नातलं क्रियापद परत करायचं, हेच उत्तर.

ही माणसं इंग्रजीकडे हौसेनं वळली नाहीत. 1831 साली तिथे सरकारी शाळा निघाल्या, त्या इंग्रजीतून. काही ठिकाणी मुलाच्या गळ्यात लाकडी काठी अडकवत. आयरिश शब्द तोंडून निघाला की काठीवर एक खाच, आणि खाचा मोजून शिक्षा. मग 1845 पासून बटाट्याचं पीक सडत गेलं. दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं दगावली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. इंग्रजी आलं तर लेकरू जगेल, असं आईबापांनाच वाटू लागलं. त्यांना कोण दोष देणार? पण त्यांनी स्वतःच ते अर्धंमुर्धं उचललेलं, आणि मुलं शिकली ती त्यांच्याकडून. शब्द साहेबाचे, वाक्याची घडण घरची. म्हणून आजही डब्लिनमध्ये कुणी "आय अॅम आफ्टर ईटिंग" म्हणालं, तर ते नुकतंच जेवून उठलेलं असतं. लंडनचा पाहुणा गोंधळतो, तो भाग वेगळा.

या बोलीला बरेच जण हसले. जॉन सिंज या नाटककाराने मात्र कान दिला. विकलोमधल्या एका जुन्या घरात तो उतरला होता. तिथे जमिनीच्या फटीतून खालच्या स्वयंपाकघरातल्या मोलकरणींचं बोलणं ऐकू येई. नाटक लिहिताना त्या फटीचा उपयोग कुठल्याही विद्वत्तेपेक्षा जास्त झाला, असं त्यानेच नोंदवून ठेवलं आहे. (चोरून ऐकणं वाईट, पण हे माफ करू या.)

आपल्या कामाच्या जागी अशी फट लागत नाही. चेन्नईचा, पाटण्याचा, नांदेडचा माणूस समोरच बसलेला असतो. आज एखादी नवी मुलगी "आय अॅम हॅविंग वन डाउट" म्हणाली, तर वाक्य मनातल्या मनात सुधारत बसू नये. तिची शंका काय आहे ते विचारावं, आणि येत असेल तर उत्तर द्यावं.